यात्रा भरते, महोत्सव भरवितात

मराठीचे व्याकरण शिकविताना प्रयोजक क्रियापदांचा पाठ आला की मुले जराशी जागी होत, कारण त्यात उदाहरणे त्यांनीच द्यावयाची असत. बसणे-बसविणे, हसणे-हसविणे, भरणे-भरविणे. यांतील शेवटच्या जोडीवर मी थोडा अधिक थांबत असे. बाजार भरतो, शाळा भरते, यात्रा भरते. प्रदर्शन मात्र भरवितात, संमेलन भरवितात, आणि महोत्सव तर कोणी भरविल्यावाचून भरतच नाही. पहिल्या प्रकारात भरविणारा कोण, हे कोणी विचारीत नाही. तिथी आली, माणसे घरून निघाली, यात्रा भरली. दुसऱ्या प्रकारात भरविणारा आधी येतो, त्याच्यामागून मंडप येतो, आणि माणसे सर्वांच्या शेवटी येतात. हा भेद फळ्यावरचा खरा. पण गेली आठ-नऊ वर्षे तो आमच्या दोंडाईच्यात ओट्याओट्यावर वादाचा विषय होऊन बसला आहे, आणि त्यास कारण झाली आहे सारंगखेड्याची यात्रा.

सारंगखेडा आमच्यापासून फार दूर नाही. शहाद्याच्या वाटेस लागून तापी ओलांडली की ते गाव येते. आज ते नंदुरबार जिल्ह्यात मोडते. १ जुलै १९९८ रोजी तो जिल्हा वेगळा निघेपर्यंत ते आणि आम्ही एकाच धुळे जिल्ह्यातले. आगगाडीने येणारा यात्रेकरू दोंडाईचा स्टेशनावर उतरतो, म्हणून त्या यात्रेचा निम्मा थाट आम्हांस घरबसल्या पाहावयास मिळतो. मार्गशीर्ष शुद्ध पौर्णिमेस, दत्तजयंतीच्या दिवशी, तेथे एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते. आपल्या घरोघरच्या तसबिरींत दत्त तीन शिरांचा व सहा हातांचा असतो. तेथील देव एका मुखाचा. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांत दत्तात्रेयांची गणना आहे, तेव्हा त्या पंथाची मंडळीही त्याच भावाने दर्शनास येतात.

परंतु सारंगखेड्याचे नाव दूरवर गेले ते देवाइतकेच घोड्यांमुळे. मारवाड, काठेवाड, पंजाब, माळवा अशा ठिकाणांहून व्यापारी जनावरे घेऊन येतात. ज्यांनी हा बाजार पाहिला नाही त्यांना त्याची मौज शब्दांनी सांगणे कठीण आहे, तरी प्रयत्न करतो. मारवाडी घोड्याचे कान आत वळलेले, टोकाशी टोक भिडविणारे. पंजाबकडचा नुकरा पांढराशुभ्र. घेणारा प्रथम दात पाहतो, मग पाय उचलून खूर पाहतो, आणि मग अंगावरचे भोवरे मोजू लागतो. गळ्यावरचा भोवरा देवमण, तो शुभ. अमुक ठिकाणचा भोवरा अशुभ, त्यापायी हजारो रुपये उतरतात. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असेल तर तो पंचकल्याण. हे सर्व ऐकून शहरातला मनुष्य हसतो; पण वराहमिहिराच्या बृहत्संहितेत अश्वलक्षणांचा स्वतंत्र अध्याय आहे व त्यात अशाच आवर्तांची चर्चा आहे. ज्याला अक्षरओळख नाही असा दलाल सहाव्या शतकातल्या शास्त्राचे प्रमेय तंबाखू मळता मळता सांगत आहे, हे दृश्य मला कोणत्याही पाठशाळेपेक्षा अधिक शिकवून गेले. आणि सौदा? जनावरांच्या बाजारातील जुन्या रीतीप्रमाणे रुमालाखाली बोटे धरून. तोंडाने एक अक्षर नाही. जे काही चालले असेल ते त्या दोघांच्या पंजांत.

ही यात्रा तीनशे-साडेतीनशे वर्षांची आहे आणि शिवछत्रपतींच्या लष्करासाठीही येथून घोडे जात, असे लोक सांगतात. लोकांच्या सांगण्यास कागदाचे वजन देऊ नये. तथापि येथेच घोड्यांचा बाजार का बसला याचे कारण शोधावयास लांब जावे लागत नाही. सुरत बंदरातून बऱ्हाणपुराकडे जाणारा मोगलाईतील मोठा व्यापारी रस्ता याच तापीच्या खोऱ्यातून, नंदुरबारावरून जात असे. जेथे वाहतूक तेथे जनावर, जेथे जनावर तेथे पाणी, आणि जेथे पाणी व देव दोन्ही असतील तेथे मुक्काम.

अशा या यात्रेस २०१६-१७ च्या सुमारास ‘चेतक फेस्टिव्हल’ असे नवे नाव मिळाले. राज्याचे त्या वेळचे पर्यटनमंत्री जयकुमार रावल हे आमच्या दोंडाईच्याचेच, तेव्हा आपल्या भागातील गोष्ट जगापुढे जावी ही त्यांची इच्छा स्वाभाविक होती. २०१७ साली दत्तजयंती ३ डिसेंबरास आली. त्या दिवसापासून राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या सहभागाने महिनाभराचा कार्यक्रम आखला गेला. नदीकाठी पाहुण्यांसाठी तंबूंची वसाहत उठली, तिला ‘टेन्ट सिटी’ म्हणू लागले. घोड्यांच्या शर्यती, नृत्यस्पर्धा, सौंदर्यस्पर्धा, रात्री गाणीबजावणी. पुढे २०१९ साली आयोजनाचे कंत्राट शासनाने आर्थिक बाबींच्या कारणावरून रद्द केले. परंतु नाव एकदा कमानीवर चढले की सहसा खाली उतरत नाही.

आता ओट्यावरच्या तक्रारी ऐका. एकाचे म्हणणे, दत्ताच्या यात्रेला घोड्याचे नाव द्यावे हे कोणत्या शास्त्रात बसते? दुसऱ्याचे म्हणणे, घोड्याचे द्यावे, पण मेवाडच्या घोड्याचे का? महाराष्ट्रात भीमथडीची तट्टे होती, त्यांवर मराठ्यांनी हिंदुस्थान पालथा घातला. ते सोडून १५७६ च्या हळदीघाटात महाराणा प्रतापसिंहांना घेऊन निघालेला चेतक तापीकाठी कशाला आणला? तिसरा म्हणतो, निदान ‘फेस्टिव्हल’ तरी नको होते, ‘महोत्सव’ म्हटले असते तर काय जिभेला फोड आले असते? चौथ्याला दिव्यांचा झगमगाट आवडत नाही, पाचव्याला कर्ण्यांचा आवाज. सहावा कोणी तरुण असतो, तो म्हणतो, तुम्ही म्हातारे कधी कशाने संतुष्ट झालात?

या वादात मी पडतो तो चौथ्या-पाचव्याच्या बाजूने नव्हे. चेतकाविषयी तर माझी काहीच तक्रार नाही. खानदेशात रजपूत कुळे कित्येक शतके नांदत आहेत. त्यांचा घोडा तो आमचा घोडा नव्हे असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आणि यात्रेचे रूप पहिल्याप्रथम आताच पालटले असे जे मानतात त्यांची स्मृती आपल्या बालपणापाशी येऊन थांबते. माझ्या लहानपणी यात्रेत तंबूतला सिनेमा येई. त्या वेळी आमच्या वडील पिढीने त्याविरुद्ध जे शब्द काढले ते आज चेतक फेस्टिव्हलला लागू करतात त्याहून कडक होते. देवाच्या दारात नटीची चित्रे! आज त्याच सिनेमाच्या आठवणीने माझ्या वयाच्या मंडळींचे डोळे पाणावतात. पेट्रोमॅक्सच्या बत्त्या जाऊन विजेचे दिवे आले तेव्हाही ‘आता यात्रेत जीव राहिला नाही’ असे म्हणणारे होते. तमाशाच्या फडांविषयी तर बोलावयासच नको. आमच्या घरांतून त्याचे नाव काढणेही वर्ज्य असे, आणि आता लोककला म्हणून त्याच्या ऱ्हासावर आम्हीच व्याख्याने ऐकतो.

इतकेच नव्हे, तर खुद्द घोड्याचेच रूप यात्रेच्या आधी पालटले आहे. एके काळी घोडा टांग्यासाठी, शेतावर जाण्यासाठी, पाटलाच्या इभ्रतीसाठी विकत घेत. आज टांगा गेला, पाटलाने मोटार घेतली. आजचा घोडा लग्नाच्या वरातीत नाचण्यासाठी, शर्यतीसाठी, किंवा ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्या हौसेसाठी घेतला जातो. एकेका जनावराची मागितलेली किंमत ऐकून गावे हादरतात, व ती वर्तमानपत्रांत छापून येते. ओझे वाहणारे जनावर शोभेचे झाले, तर त्याचा बाजारही शोभेचा होणार. यात आयोजकांना बोल लावून काय उपयोग?

मग मला खुपते ते काय? ते सांगण्यापूर्वी थोडे दूर जाऊन येतो.

माझा एक भाचा बरीच वर्षे अमेरिकेत फ्लोरिडा प्रांतात राहतो. त्याची मुले तेथेच वाढली. तेथे वॉल्ट डिस्नेच्या नावाची एक अफाट क्रीडानगरी आहे; तिचा पहिला भाग १९७१ साली उघडला. अशा स्थळांना ‘थीम पार्क’ म्हणतात, म्हणजे एकेका कल्पनेभोवती रचलेले पाळणे, होड्या, डोंगर, घरे. आपल्याकडे गोराईस एस्सेलवर्ल्ड १९८९ साली निघाले व खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ साली, ती याच जातीची. फ्लोरिडाच्या नगरीत पाण्याच्या प्रवाहातून होडीने वर चढावयाचे आणि एकदम खाली कोसळावयाचे असा एक कृत्रिम डोंगर १९९२ पासून होता. त्याची सजावट १९४६ सालच्या एका चित्रपटावरून घेतलेली होती. त्या चित्रपटात अमेरिकेच्या दक्षिणेतील मळ्यांवरचे कृष्णवर्णीयांचे जीवन असे गोडगुलाबी रंगविले होते की, तो निघाला तेव्हापासूनच त्यांच्या संस्थांनी त्यावर आक्षेप घेतला. पुढे खुद्द कंपनीनेही तो चित्रपट आपल्या देशात घरगुती फितींवर कधी काढला नाही. शेवटी २०२० च्या जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय मनुष्याच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूने तो देश ढवळून निघाला असता, त्या डोंगराची सजावट बदलण्याचे जाहीर झाले. तेथे आता २००९ च्या चित्रपटातील टियाना नावाची कृष्णवर्णीय राजकन्या आली आहे.

पाण्याचा प्रवाह तोच, उंची तीच, कोसळणेही तेच. तरी हजारो लोकांनी ‘आमचा डोंगर आम्हांस ठेवा’ म्हणून अर्ज केले. २०२३ च्या जानेवारीत तो बंद झाला तेव्हा शेवटच्या दिवशीच्या रांगेत तासन् तास उभे राहिलेल्या लोकांची वर्णने छापून आली. आणि मौज अशी की, काही जणांनी त्या प्रवाहाचे पाणी बाटल्यांत भरून विकावयास काढले. भाच्याने हे सांगितले तेव्हा आमच्या घरात हशा पिकला. मी मात्र हसलो नाही. आपल्या देवघरातल्या तांब्याच्या गडूकडे पाहून हसण्याचा अधिकार आपणांस कोठे आहे? माणसाला जेथे आनंद झाला तेथले पाणी त्याला तीर्थ वाटते. तरीसुद्धा माझे मत विचाराल तर त्या अर्जदारांचे म्हणणे मान्य झाले नाही हे योग्यच झाले. आपल्या बालपणीची गोड आठवण दुसऱ्याच्या अपमानावर उभी असेल, तर आठवणीने थोडे बाजूस सरावे.

पुण्याच्या वाचकांना याच जातीचे घरचे उदाहरण आठवेल. पेशवे पार्क १९५३ साली झाले, तेथे वाघ-सिंह होते, आणि १९५६ पासून ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी धावू लागली. खानदेशातून पुण्यास गेलेला मुलगा परत आला की त्याला पहिला प्रश्न शनिवारवाड्याचा नव्हे, फुलराणीचा असे. पुढे कात्रजला प्रशस्त प्राणिसंग्रहालय १९९९ साली उघडले, जनावरे तिकडे गेली, आणि पेशवे पार्काच्या जागी ऊर्जेविषयीचे उद्यान झाले. माझ्या पुण्याच्या नातलगांनी त्या वेळी केलेला शोक मी ऐकला आहे. ‘पार्कातला वाघ गेला, आता काय राहिले?’ पण वाघाला कोणी विचारले होते काय? भरवस्तीत, मोटारींच्या धुरात, चार पावले टाकली की गज, अशा पिंजऱ्यातून तो कात्रजच्या झाडीत गेला. येथेही आपल्या हळहळीपेक्षा वाघाची सोय मोठी. शिवाय फुलराणी राहू दिली, हे चालकांचे शहाणपण. सगळे पालटताना एक गोष्ट जागेवर ठेवली की माणसे बाकीचे सोसतात.

हे झाले एका प्रकारचे गाऱ्हाणे. आता भाच्यानेच सांगितलेली दुसरी हकीकत. त्याच फ्लोरिडाच्या नगरीत १९७१ पासून एक कृत्रिम नदी होती, तिच्यात मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरच्या नावाचे बेट होते, आणि नदीतून चाकाची आगबोट संथपणे फिरे. तेथे काही कोसळत नसे, कोणी किंचाळत नसे. २०२५ च्या जुलैत ती नदी, बेट व बोट ही सर्व बंद करण्यात आली. तेथे मोटारींच्या एका चित्रपटावरून नवा भाग व्हावयाचा ठरला आहे. लोक पुन्हा हळहळले, व बाहेरच्यांनी पुन्हा ‘झाले यांचे सुरू’ म्हणून नाके मुरडली. पण भाचा म्हणाला, “मामा, या वेळी मलाही वाईट वाटले. त्या साऱ्या पसाऱ्यात आईला घेऊन निवांत बसावे अशी जागा ती एकच होती. तिथे रांग नव्हती. मुलं बेटावर हुंदडायची आणि आम्ही पाण्याकडे बघत बसायचो.” माझी बहीण त्या वेळी सत्तरीची होती. तिला कोसळणाऱ्या होडीत कोण बसविणार? तिच्यापुरती ती सारी नगरी म्हणजे ते नदीकाठचे बाकडे.

ही दोन गाऱ्हाणी वरवर सारखी दिसतात. दोहोंत ‘आमचे होते ते गेले’ हाच सूर. पण पहिल्यात गेली ती सजावट. दुसऱ्यात गेली ती बसावयाची जागा. पहिल्याला कालांतराने विसर पडतो, आणि बहुधा पडावाही. दुसऱ्यात मनुष्यच त्या स्थळातून वजा होतो. आणि गंमत ही की, गाऱ्हाणे करणाराही ही दोन वेगळी करून सांगत नाही. तो नावावरून भांडतो, रंगावरून भांडतो, कारण ‘मला बसावयास जागा राहिली नाही’ हे म्हणावयाची त्याला लाज वाटते. ऐकणाराही मग नावाचे व रंगाचे उत्तर देऊन मोकळा होतो.

पुष्करची जत्रा या बाबतीत पाहण्यासारखी आहे. राजस्थानातील कार्तिकी पौर्णिमेची ती उंटांची जत्रा जगप्रसिद्ध झाली, परदेशचे पाहुणे छायाचित्रे काढावयास येऊ लागले, तंबूंच्या वसाहती उठल्या. आणि तिकडे उंट मात्र वर्षानुवर्षे घटत गेले. त्याची कारणे अनेक आहेत. उंटाचे कामच संपत आले, हे त्यांतले मोठे. परंतु पाहणारे वाढावे आणि ज्यास पाहावयाचे ते उणे व्हावे, ही अवस्था सारंगखेड्यास येऊ नये असे मला फार वाटते. जनावर बांधावयास मोकळी जागा, पिण्याचे पाणी, वैद्य, आणि रात्री घोड्यांच्या दावणीपाशी थोडा अंधार व शांतता, एवढे सांभाळले तर कमानीवर खुशाल वाटेल ते नाव लिहावे.

या साऱ्या विचारास माझ्यापुरते जे मूळ आहे ते आता सांगतो. आमच्या गल्लीच्या पलीकडे माझा एक बालमित्र राहतो. सगळे त्यास आप्पा म्हणतात, मीही म्हणतो. त्याच्या वडिलांचा टांगा दोंडाईचा स्टेशनावर असे. चार-पाच वर्षांनी घोडा थकला की ते सारंगखेड्यास जाऊन नवा आणीत, व त्या वेळी टांग्यात मलाही जागा मिळे. दत्ताची यात्रा म्हणून माझी आई नाही म्हणत नसे. टांगेवाल्याच्या भाकरीचा प्रश्न ती मोठ्या चातुर्याने विचारीतच नसे. नदीच्या अलंगास एक निंब होता. त्याच्याखाली त्यांचा मुक्काम ठरलेला. कोणी लिहून दिलेला नव्हता, भाडे नव्हते, पण दुसरे कोणी तेथे उतरत नसे. उतरलेच तर टांगा दिसताच बिऱ्हाड सरकवून घेई. आप्पाचे वडील गेले, टांगाही गेला. आप्पा शेती करू लागला, पण निंबाखालचा दोन रात्रींचा मुक्काम त्याने सोडला नाही. घोडा घ्यावयाचा नसे. दिवसभर दुसऱ्यांच्या सौद्यांत मत देत फिरावे, गोडी शेव घ्यावी, रात्री चुलीपाशी पडून दावणीला बांधलेल्या जनावरांचे फुरफुरणे ऐकावे, एवढेच.

२०१७ नंतर तो गेला नाही. पहिल्या वर्षी वाटले, रुसला असेल. त्याने कारणे सांगितली तीही ओट्यावरचीच, नावाची आणि दिव्यांची. त्याचाच नातू त्या कार्यक्रमांत घोडा नाचविणाऱ्यांबरोबर हौसेने राबतो, तेव्हा नव्याचा तिटकारा म्हणावा तर घरातच त्याला नव्याचे कौतुक आहे. नातवाची छायाचित्रे तो येणाऱ्या-जाणाऱ्यास दाखवितो. एका सायंकाळी मी त्याला सरळच विचारले, “आप्पा, देव तोच आहे, घोडे येतात, तुझा नातू तिथे आहे. मग तुझं अडतं कुठे?”

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मास्तर, देव तठेच शे, घोडा बी शेतस. पन आपन आते पाव्हना व्हई गऊत.”

पाहुणा होणे म्हणजे काय, हे यजमान असलेल्यासच कळते. तंबूच्या वसाहतीत उतरणारा मनुष्य पैसे देऊन पाहुणा होतो आणि सुखाने होतो. त्यात त्याचे काही उणे होत नाही. आप्पाला कोणी हाकलून दिले नाही, हेही मी मुद्दाम नमूद करतो. त्याला कोणी अडविलेसुद्धा नाही. पण ज्या ठिकाणी आपण गेल्यानेच यात्रा भरते अशी ज्याची पिढ्यांची समजूत, त्याने ‘कार्यक्रमपत्रिका’ हातात धरून हिंडावे हे त्याला साधेना. माझे म्हणणे त्याला मी पुष्कळ ऐकविले: की कमान ही कमान आहे, ती ओलांडून पलीकडे गेले की जमीन तीच आहे, की घरी बसून राहिल्याने निंबाखालची जागा खरोखरच जाईल, आणि ती नेणारा दुसरा कोणी नसून तूच असशील. यावर त्याने बिडी विझविली व शेतातल्या पाण्याची गोष्ट काढली.

मागील दत्तजयंतीस मी एकटाच गेलो. निघताना त्याने नारळ व अकरा रुपये दिले. दर्शन झाले, घोडे पाहिले. एका काठेवाडी घोडीपाशी अर्धा तास कसा गेला कळले नाही. मग नदीच्या बाजूस उतरलो. निंब होता. त्याच्याखाली व्याऱ्याकडचे एक कुटुंब उतरले होते, मोटारीतून आलेले. पण सतरंजी अंथरलेली, तीन दगडांची चूल मांडलेली, आणि एक म्हातारी भाकरी थापीत होती. मी उभा राहिलेला पाहून त्यांनी सरकून मला जागा केली व चहा दिला. ते पहिल्यांदाच आले होते. त्यांना निंब कोणी नेमून दिलेला नव्हता. सावली दिसली म्हणून थांबले.

परत आल्यावर आप्पाच्या हातावर प्रसाद ठेवला. त्याने देवाचे विचारले नाही. “निंबना खाले कोन व्हतं?” मी सर्व सांगितले. त्याने चुलीविषयी विचारले, कोणत्या अंगाला मांडली होती. मी म्हटले, नदीच्या.

“वारा तठूनच येस,” तो म्हणाला. “धूर डोयामा जास. त्यास्ले कोनी सांगं नही का?”

मग तो घोड्यांच्या किमती विचारू लागला. मी ऐकलेले आकडे सांगत गेलो, आणि त्यांतला एकही त्याला पटला नाही.